शी, छी, घिन आणि याक : किळस व्यक्त करणाऱ्या शब्दांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात बदली होऊन आलेल्या लोकांना मी बोलकं मराठी शिकवते. कुणी रेल्वेत असतं, कुणी बँकेत, कुणी लग्न होऊन आलेलं. तेलुगू, बंगाली, तमिळ, सिंधी, छत्तीसगढी अशा सगळ्या घरांतली माणसं एका खोलीत बसतात. व्याकरणाचे प्रश्न चार दिवसांत संपतात, पण “छी आणि शी यांत फरक काय?” हा प्रश्न दरवर्षी येतो आणि त्यावर तासभर गप्पा होतात. त्या गप्पांमध्ये जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले, ते इथे उत्तरांसकट लिहिले आहेत.

नागपुरात किळस आली की लोक नेमकं काय म्हणतात?

तोंडातून पहिलं निघतं ते “छी!” किंवा “शी!”. वाक्य करायचं झालं की “घिन येते”. पुण्या-मुंबईकडे जिथे “किळस येते” म्हणतात, तिथे आपल्याकडे घिन. वऱ्हाडी वळणाच्या घरांत “मले घिन येते”, शहरी घरांत “मला घिन येते”, एवढाच फरक. हिंदीतून आलेला शब्द म्हणून कुणी नाक मुरडू नये. नागपूर मध्य प्रांताची राजधानी होतं, मराठी आणि हिंदी इथे पिढ्यान् पिढ्या एकाच ओट्यावर बसल्या आहेत. शिवाय हिंदी घिनचं मूळ संस्कृत घृणा, म्हणजे मराठीतल्या घृणेचीच ती धाकटी बहीण.

वास असेल तर “काय घान वास येऊन राह्यला बे!” किंवा “काय सडेल वास मारून राह्यला!”. हे सडेल, नासेल, कुजेल म्हणजे सडलेला, नासलेलं, कुजलेलं. नवीन शिकणाऱ्यांना ते भविष्यकाळाचं रूप वाटतं. “दूध नासेल आहे” हे वाक्य ऐकून माझ्या एका विद्यार्थिनीने दूध उद्या नासणार असं समजून आजच चहा केला होता.

पोटात ढवळत असेल तर “कसंतरीच होऊन राह्यलं”. आणि “बे” फक्त बरोबरीच्यांशी, हे विसरू नका. घरातल्या मोठ्यांसमोर “छी बे” म्हटलंत तर वासापेक्षा तुमचीच चर्चा जास्त होईल.

शी, छी, छे, छ्या, थू, ई : हे सगळं एकच का?

मुळीच नाही, आणि मराठी शिकताना इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो.

“ई” पटकन निघते, अंगाला काही लागलं किंवा अचानक दिसलं की. भिंतीवर पाल, भाजीत अळी. “शी” त्यापेक्षा सावकाश, पाहून-हुंगून झाल्यावरची. “छी” मध्ये किळसेबरोबर धिक्कार मिसळलेला असतो, म्हणून तो वागणुकीलाही लागतो: “छी, असं बोलतात का आजीशी?” “छे” चा किळसेशी संबंध नाही, तो साधा नकार. “छ्या” म्हणजे अपेक्षाभंग: पाऊस आला, सामना रद्द झाला, छ्या! “थू” सगळ्यात जहाल, कारण त्यात थुंकणं आहे, आणि माणसावर थुंकणं हा मराठीत टोकाचा अपमान. एखाद्याची चारचौघांत नाचक्की झाली तर आपण “त्याची छी-थू झाली” म्हणतो, म्हणजे दोन्ही उद्गार मिळून एक नाम झालं.

आणि “हाड!” कुत्र्याला हाकलायचा शब्द. त्यावरून माणसाला “हाडहूड करणे”. हिडीस म्हणजे ओंगळ, त्याला जोड लावून “हिडीसफिडीस करणे”. किळसेचा शब्द माणसाला वागवण्याच्या पद्धतीचं नाव कसा होतो, ते या दोन शब्दप्रयोगांत दिसतं. त्याबद्दल खाली सविस्तर लिहिलं आहे.

किळस, शिसारी, वीट, तिटकारा : रोजच्या बोलण्यात कोणता कधी वापरायचा?

किळस डोळ्यांना, नाकाला, बोटांना येते. शिसारी किळसेपेक्षा गडद आणि बहुतेकदा अंगावर काटा आणणारी. वीट येतो तो अति झाल्याचा: सलग आठ दिवस तोंडल्याची भाजी खाल्ली की तोंडल्यांचा वीट येतो, तोंडलं स्वतः चांगलंच असतं. तिटकारा हा मनात मुरलेला असतो, तो माणसाचा, सवयीचा, खोटेपणाचा येतो. ओकारी आणि मळमळ या शरीराच्या गोष्टी, पण “त्याचं भाषण ऐकून ओकारी आली” असं आपण म्हणतोच.

मराठीची खरी श्रीमंती मात्र विशेषणांत आहे. पावसाळ्यात न वाळलेल्या कपड्यांचा वास कुबट. जुन्या तेलाचा, शिळ्या शेंगदाण्यांचा खवट. फ्रिजबाहेर राहिलेल्या वरणाचा आंबूस. अजीर्णाचा ढेकर करपट. हे चार वास चार वेगवेगळ्या गोष्टी सांगतात, आणि आजी नुसत्या हुंगण्यावरून काय टाकायचं, काय उन्हात ठेवायचं ते ठरवत असे. स्पर्शाचंही तसंच: शेवाळलेली फरशी बुळबुळीत, अति पिकलेली पपई लिबलिबीत, गार झालेलं वांगं गिळगिळीत, सांडलेल्या सरबताची फरशी चिकचिकीत. हे शब्द उच्चारतानाच जिभेला तो पदार्थ लागल्यासारखा वाटतो. तरुण मुलं या सगळ्यांना एकच “घाण” म्हणतात तेव्हा मला हळहळ वाटते. कुबट आणि खवट यांतला फरक हरवला तर नाकालाही तो ओळखायची सवय राहत नाही.

घृणा म्हणजे किळस, मग “निर्घृण हत्या” कशी? किळस नसलेली हत्या?

हा प्रश्न एका तेलुगू विद्यार्थ्याने विचारला होता आणि तो फार चांगला आहे. संस्कृतात घृणा या शब्दाचा एक अर्थ दया, करुणा असा होता. तोच अर्थ निर्घृणमध्ये शिल्लक राहिला, निर्घृण म्हणजे निर्दय. मराठीत आपण घृणेचा दुसरा अर्थ ठेवला आणि निर्घृणमध्ये पहिला. एकाच शब्दात दया आणि तिरस्कार दोन्ही मावले होते. दोन्ही भावना दुसऱ्याचं दुखणं पाहून पोटात होणाऱ्या हालचालीतून येतात, त्यामुळे मला त्यात फार विचित्र वाटत नाही. कुष्ठरोग्याची जखम पाहून कुणी तोंड फिरवतो, कुणी पट्टी घेऊन पुढे होतो.

जुगुप्सा आणि बीभत्स हे शब्द कुठून आले?

जुगुप्सा “गुप्” या धातूपासून, म्हणजे राखणं, लपवणं. जुगुप्सा म्हणजे मुळात स्वतःला दूर राखण्याची इच्छा. भरतमुनीच्या नाट्यशास्त्रात आठ रसांपैकी बीभत्स एक, त्याचा स्थायीभाव, म्हणजे त्यामागची मूळ भावना, जुगुप्सा, रंग निळा, देवता महाकाल. नटाने बीभत्स रस कसा दाखवायचा तेही भरताने सांगितलं आहे: अंग आक्रसणं, तोंड आणि डोळे वाकडे करणं, थुंकणं. आज नाक मुरडलेली मुलगी पाहिली की तेच सगळं समोर दिसतं.

आणखी एक गोष्ट वर्गात सगळ्यांना आवडते. अर्जुनाच्या नावांपैकी एक नाव बीभत्सु. महाभारताच्या विराटपर्वात तो राजपुत्र उत्तराला त्याचा अर्थ सांगतो: युद्धात मी कधीही बीभत्स कृत्य करत नाही, म्हणून हे नाव.

जगात सगळीकडे किळसेचा आवाज सारखाच असतो का?

तोंड बऱ्यापैकी सारखं होतं. नाक आक्रसतं, वरचा ओठ उचलला जातो, कधी जीभ बाहेर येते. डार्विनने १८७२ सालच्या भावनांवरच्या पुस्तकात याची नोंद केली आहे. नाकातून दुर्गंध आत जाऊ नये आणि तोंडातलं बाहेर पडावं, हेच त्या हालचालीचं काम.

आवाजाचं मात्र तसं नाही. १३१ भाषांतल्या उद्गारांचा एक अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. वेदनेच्या उद्गारांत “आ” सारखे मोकळ्या तोंडाचे स्वर ठिकठिकाणी सापडले: आपलं आई गं, आऊच वगैरे. किळसेच्या उद्गारांत असा एकसारखा स्वर सापडला नाही. म्हणजे “ई” हा माणसाचा नैसर्गिक आवाज आणि बाकीचे शिकलेले, असं म्हणता येत नाही.

तरी माझ्या वर्गातल्या फळ्यावर वेगवेगळ्या भाषांतले शब्द लिहिले की ते काही घराण्यांत आपोआप बसतात. थुंकण्याचं घराणं: आपलं थू, रशियन त्फू, चिनी पेई. वास फुंकून लावण्याचं घराणं: जर्मन फुई, पोलिश आणि चेक फूय, रशियन फू, फारसीतलं पीफ पीफ. ओकण्याचं घराणं: फ्रेंच बर्क, कोरियन वेक, तमिळ उव्वे, बंगाली ओयाक थू, आणि चिनी मुलं आंतरजालावर लिहितात ते युए, जो सरळ उमाशाचाच आवाज आहे. ओठ ताणण्याचं घराणं: मराठी ई, इंग्रजी इयू, आणि थाई भाषेतलं वर चढत जाणारं ई, जे ऐकून पहिल्या दिवशी सगळ्यांना वाटलं की कुणीतरी मराठीच बोललं. शरीर एकच काम चार प्रकारे करतं, भाषा त्यातला एक निवडते.

आपल्या शेजारच्या भाषांत काय म्हणतात?

छी जवळजवळ सगळीकडे चालते: हिंदी, गुजराती, बंगाली, तेलुगू, कन्नड, तमिळ. प्रवासात एकच शब्द न्यायचा झाला तर तोच न्यावा. त्यापलीकडे प्रत्येकीचं काहीतरी वेगळं आहे.

गुजरातीत किळस येत नाही, चढते: “चीतरी चडे”. बंगालीत घृणेचं घेन्ना झालं, आणि “छि छि” तिथे घाणीपेक्षा लाजिरवाण्या वागण्याला जास्त. मल्याळममध्ये “अय्ये”, त्यात किळस आणि संकोच दोन्ही. तेलुगू आणि कन्नडमध्ये किळसेला असह्य म्हणतात. आपलं “असह्य ऊन” ऐकून माझ्या तेलुगू विद्यार्थ्यांना वाटतं की नागपूरकरांना मे महिन्याची किळस येते. खरं तर पंचेचाळीस अंशाला दोन्ही अर्थ लागू पडतात.

सगळ्यात सुंदर उदाहरण कंपु या शब्दाचं. कन्नडमध्ये कंपु म्हणजे सुगंध. तेलुगूत कंपु म्हणजे दुर्गंध. सीमेच्या या बाजूला मोगरा, त्या बाजूला नाली. आपल्याकडे वास हा शब्द अजून मधेच उभा आहे: सुवासात चांगला, “वास मारतो” मध्ये वाईट. आणि गंध आणि गंदा यांची गल्लत करू नका. गंध संस्कृत, कपाळावर लावायचा. गंदा फारसी, म्हणजे घाण.

परदेशी भाषांतले बोलीतले शब्द सांगा ना, जे पुस्तकात नसतात.

जपानी तरुणांचं किमोई. “किमोची वारुई” म्हणजे “बरं वाटत नाही”, ते चुरगाळून किमोई झालं. आपलं “कसंतरीच होतंय” अगदी तेच करतं, किळसेचं नाव न घेता पोटाची अवस्था सांगतं. त्यातूनच किमो-कावाई निघालं, म्हणजे किळसवाणं पण गोंडस, एखाद्या कुरूप बाहुलीसारखं. चिनी भाषेत अशिन, त्यातला दुसरा अर्धा भाग म्हणजे हृदय.

फ्रेंच देग्युलास, तरुणांत नुसतं देग्यु. ग्योल म्हणजे जनावराचं तोंड, देग्योले म्हणजे ओकणं. इटालियन “के स्किफो!”. जर्मन इगिट, ज्याचं मूळ देवाच्या नावाच्या झाकलेल्या रूपात असावं असं जर्मन शब्दकोशच सांगतात. आपल्या आजीचं “शिव शिव!” हे त्याचं सख्खं भावंड. दोन्हीकडे घाण पाहून देवाचं नाव येतं.

मेक्सिकोत ग्वाकाला आणि फुची, दोन्ही लहान मुलांच्या तोंडचे. २०१९ मध्ये मेक्सिकोचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष लोपेस ओब्रादोर यांनी गुन्हेगारीला उद्देशून जाहीर सभेत “फुची, ग्वाकाला” म्हटलं होतं. देशाच्या प्रमुखाने सभेत “ई, छी छी” म्हणावं तसंच ते. अँडीज पर्वतातल्या केचुआ भाषेतून एक्वाडोरच्या स्पॅनिशमध्ये एक गोड मालिका आली आहे: अचाचाय म्हणजे किती थंडी, अर्रर्राय म्हणजे भाजलं, अतताय म्हणजे छी, आणि अननाय म्हणजे किती सुंदर. एकाच ठेक्यात चार अनुभव. आमच्या वर्गातली लहान मुलं आता जानेवारीच्या सकाळी अचाचाय म्हणत येतात.

इंडोनेशियात जिजिक, बोलीत जिजाय. फिलिपिन्समध्ये कादिरी. तुर्कीत इयरेन्च. अरबीत बोलीतलं “यअ” आणि मुक्रिफ. अरबीतला उफ् हा शब्दही मुळात वैतागाचा आणि किळसेचा. कुराणात, सतराव्या सूरेच्या तेविसाव्या आयतीत, म्हाताऱ्या आईवडिलांना उफ्‌सुद्धा म्हणू नका अशी आज्ञा आहे. ती वाचल्यापासून घरातल्या आजारी माणसाची चादर बदलताना मी तोंड बंद ठेवायला शिकले.

लहान मुलांना “शी” कसं कळतं?

शिकवल्यामुळे. तान्हं बाळ कडू चव लागली की तोंड वाकडं करतं, पण जमिनीवरची माती, चप्पल, स्वतःचं ओलं दुपटं याची त्याला काहीच घृणा नसते. दीड-दोन वर्षांचं मूल काहीही तोंडात घालतं. मग घरातलं माणूस ओरडतं: “छी छी, टाक ते!” हजार वेळा ऐकल्यावर मूल स्वतः म्हणायला लागतं.

मराठीत शी हा उद्गारही आहे आणि मुलाच्या संडासचं नावही. “बाळाला शी झाली.” किळसेचा पहिला धडा आणि पहिली वस्तू यांना एकच शब्द. इतर भाषांतही आयांनी हेच केलं आहे. फ्रेंच आणि स्पॅनिश आया काका म्हणतात, तेही दोन्ही अर्थांनी. रशियन आया ब्याका म्हणतात, म्हणजे वाईट, हात लावू नको. कोरियन आया “जीजी” म्हणतात, जपानी “बाच्ची”. एकदा माझ्याकडे आलेल्या एका हिंदीभाषक बाईंना कोरियन जीजीचा अर्थ कळल्यावर त्या बराच वेळ गप्प होत्या, कारण त्यांच्या घरी मोठ्या बहिणीला जीजी म्हणतात.

“इश्श” म्हणजे पण किळस का?

नाही. इश्श लाजण्याचा. बंगाली इश् मात्र हळहळीचा, कधी किळसेचा. त्यामुळे बंगाली सुनेने सासरी इश् म्हटलं तर ती लाजली असं समजू नका.

थू थू म्हणून दृष्ट काढतात, मग ते किळसेचं की प्रेमाचं?

प्रेमाचंच. किती गोड दिसतंय म्हणायचं आणि लगेच थू थू करायचं, म्हणजे नजर लागू नये. रशियन लोक डाव्या खांद्यावरून तीनदा त्फू-त्फू-त्फू करतात, ग्रीक लोक बाळाकडे पाहून फ्तू फ्तू म्हणतात. तिन्हीकडे कल्पना एकच: चांगल्या गोष्टीला खोटं खोटं वाईट म्हटलं की वाईट शक्ती तिकडे फिरकत नाही. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरी आजी मीठ-मोहरी ओवाळायची तेव्हा तिच्या थू थू मध्ये जेवढी माया होती तेवढी दुसऱ्या कुठल्या शब्दात मला मिळाली नाही.

मुलं सारखी याक, ग्रॉस, क्रिंज म्हणतात. मराठी बिघडतेय का?

याकने काही बिघडत नाही. तो ओकण्याचाच आवाज आहे आणि मराठी तोंडात सहज बसतो. क्रिंजची गोष्ट वेगळी. मूळ इंग्रजी शब्दाचा अर्थ अंग चोरणं, पण आता तो दुसऱ्याचं वागणं पाहून आपल्यालाच लाज वाटणं यासाठी वापरतात. मराठीत यासाठी नेमका एक शब्द नाही. जर्मनमध्ये होता, फ्रेमडशेमेन, म्हणजे परक्यासाठी लाजणं, तरी २०२१ साली जर्मनीत वर्षाचा तरुणांचा शब्द म्हणून क्रिंजच निवडला गेला. शब्द जिथे पोकळी असते तिथे जातो.

मला चिंता वाटते ती वेगळ्या गोष्टीची. क्रिंज हा शब्द बहुतेकदा गरीब, गावाकडच्या, साध्या माणसाच्या नाचण्या-गाण्याला लावला जातो. तो शब्द कुणाला लागतो ते पाहा.

खर्रा थुंकलेल्या भिंती पाहून जे होतं त्याला काय म्हणायचं?

किळसच म्हणा, आणि मोठ्याने म्हणा. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत, म्हणजे प्लास्टिकमध्ये, घोटून केलेला खर्रा इथे पानठेल्यापानठेल्यावर मिळतो, आणि जिन्याचे कोपरे लाल होतात. लोक तिथे देवांच्या फरश्या लावतात, म्हणजे किळसेने जे थांबत नाही ते भक्तीने थांबावं.

किळस माणसाला वाचवू शकते, हे पिट्सबर्गमधल्या लोकांनी १९७१ साली चांगलं ओळखलं. मुलांनी विषारी औषधं तोंडात घालू नयेत म्हणून बाटल्यांवर कवटीचं चिन्ह असायचं, पण मुलांना त्यातून समुद्री चाचे आठवायचे आणि मौज वाटायची. म्हणून त्यांनी जीभ बाहेर काढलेला, तोंड वाकडं केलेला एक हिरवा चेहरा तयार केला आणि त्याला नाव दिलं मिस्टर यक. वाचता न येणाऱ्या मुलालाही ते तोंड कळतं. मोबाइलवर २०१६ साली आलेला मळमळणारा इमोजी चेहरा हिरवाच आहे. भरताचा निळा तिथे हिरवा झाला.

दुसऱ्याच्या जेवणाला छी म्हटलं तर काय बिघडतं?

मी सहावीत असताना आमच्या बाकावर एक मुलगी बसायची. तिच्या डब्यात एकदा सुकटीची चटणी होती. डबा उघडला आणि मी नाक दाबून “छी!” म्हटलं. बाकीच्या मुली हसल्या. तिने डबा बंद केला, आणि त्यानंतर वर्षभर ती मधल्या सुट्टीत डबा घेऊन बाहेर जायची. मी तिची कधी माफी मागितली नाही. सुकटीचा वास उग्र असतो हे खरं, पण माझ्या घरातल्या हिंगाचा वासही उग्रच होता, तो मला घरचा वाटायचा एवढंच.

डार्विनने स्वतःबद्दल लिहिलेला एक प्रसंग इथे आठवतो. दक्षिण अमेरिकेच्या टोकाच्या टिएरा देल फुएगो बेटावर तो थंड, टिकवून ठेवलेलं मांस खात होता. तिथल्या एका माणसाने त्या मांसाला बोट लावून पाहिलं आणि त्याच्या मऊपणाची त्याला किळस आली. डार्विनला त्या परक्या माणसाने आपल्या अन्नाला हात लावल्याची किळस आली, आणि त्याचे हात अस्वच्छ दिसत नव्हते हेही त्याने प्रामाणिकपणे लिहिलं. एकाला अन्नाची किळस, दुसऱ्याला माणसाची.

मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये दाखवलं की निर्जंतुक केलेलं मेलेलं झुरळ फळांच्या रसात नुसतं बुडवून काढलं तरी लोक तो रस पीत नाहीत. रसात जंतू नाहीत हे त्यांना माहीत असतं. “लागलं” ही कल्पनाच पुरते. हे वाचलं तेव्हा मला विटाळ हा शब्द आठवला.

म्हणजे किळसेचे शब्द माणसांना वापरूच नयेत?

माझं उत्तर: नाही, वापरू नयेत. वागणुकीला जरूर वापरा. लाच घेणाऱ्याच्या कृत्याची छी-थू व्हायलाच हवी. पण शरीराला, जातीला, वस्तीला, कामाला नको.

मराठीने विटाळ या एका शब्दाने माणसांचे दोन मोठे गट शेकडो वर्षं दूर ठेवले, दलित आणि पाळी आलेल्या बाया. बायांसाठी “कावळा शिवला”, “बाहेरची” असे आडून बोलायचे शब्द होते. माझ्या आईला ते दिवस माजघराबाहेर काढावे लागले. दलितांसाठी तर आडून बोलायचीही गरज कुणाला वाटली नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांच्या हजारो सोबत्यांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी घेतलं. त्यानंतर तिथल्या सवर्णांनी तळ्याची “शुद्धी” केली, ती तळ्यात शेण आणि गोमूत्र ओतून. माणसाच्या ओंजळीने पाणी बाटलं आणि शेणाने ते शुद्ध झालं. किळस वस्तूत नसते, शिकवलेली असते, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा मला माहीत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला याच आपल्या नागपुरात, दीक्षाभूमीवर, लाखो लोकांनी त्या शिकवणीकडे पाठ फिरवली.

संविधानाच्या कलम १७ ने अस्पृश्यता संपवली, हाताने मैला साफ करून घेण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. तरी गटारात उतरणाऱ्या माणसाला पाणी देताना पेला वेगळा काढणारी घरं मी या शहरात पाहिली आहेत. त्या घरांत छी हा शब्द कुणी उच्चारत नाही. वेगळा पेलाच तो उच्चारतो. म्हणून वर्गात मी छी शिकवते तेव्हा त्याच तासाला विटाळही शिकवते. शिकणारे बाहेरचे असतात, त्यांना हा शब्द कुणी आपणहून समजावत नाही.

जपानी शाळांतही किमोई हा शब्द एखाद्या मुलाला वाळीत टाकण्यासाठी वापरतात, आणि इंडोनेशियात नजिस, म्हणजे धार्मिकदृष्ट्या अपवित्र, हा माणसाला लावला की फार मोठी शिवी होते. परक्या भाषेत हे दोन शब्द गंमत म्हणून वापरू नका.

मारबत हीसुद्धा किळस व्यक्त करण्याची पद्धत का?

मला तसं वाटतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, निघते, सव्वाशे वर्षांहून जास्त काळ निघत आली आहे. इतवारीत, महालात रस्ते तुडुंब भरतात. “इडा पिडा, रोगराई घेऊन जा गे मारबत!” ही आरोळी घरातल्या कचऱ्यासारखं सगळं शहराबाहेर काढते, आणि शेवटी पुतळे जाळतात. सोबत बडगे, म्हणजे आणखी पुतळे, असतात, त्या वर्षी लोकांना ज्याचा तिटकारा आला त्याचे: महागाईचे, भ्रष्टाचाराचे, खड्ड्यांचे. इथे छी-थू रोगाला आणि अन्यायाला आहे. बाहेरून आलेल्या सगळ्या विद्यार्थ्यांना मी त्या दिवशी सुट्टी देते आणि आरोळी पाठ करून जायला सांगते.

लिहिताना शी लिहायचं की श्शी? ईऽऽ कसं लिहायचं?

शी आणि छी दीर्घच. हिंदीत विसर्ग देऊन ऱ्हस्व छि: लिहितात, मराठीत ती सवय नको. जोर दाखवायचा असेल तर श्शी चालतं. ओढलेला आवाज अवग्रहाने दाखवा: ईऽऽ, शीऽऽ. मोबाइलच्या मराठी कळफलकावर अवग्रह सापडत नसेल तर अक्षरं दाबून धरून पाहा, काही कळफलकांत तो तसा मिळतो. नसला तर ई तीनदा लिहा, वाचणाऱ्याला पाल दिसेलच.